नाणे आधी वाचा, मग विका



तुम्ही आता अक्षरे ओळखता. आकडेही लिहिता. एसटीची पाटी वाचता, रेशनच्या दुकानातला फलक वाचता. आज आपण एक निराळी गोष्ट वाचायला शिकू. ती म्हणजे नाणे.

तुम्ही म्हणाल, नाण्यात वाचायचे काय? पाच रुपयांचे नाणे पाच रुपयांना चालते. झाले! पण एवढ्यावर भागत नाही. पुष्कळांच्या घरी देव्हाऱ्यात, नाहीतर पेटीच्या तळाशी जुने रुपये असतात. आजीने ठेवलेले, लग्नात आलेले, लक्ष्मीपूजनाला मांडायचे. अडीअडचणीला ते बाहेर निघतात आणि सराफाकडे जातात. सराफ सांगेल ती किंमत आपण मुकाट्याने घेतो. तिथे नाणे वाचता आले, तर हजारो रुपयांचा फरक पडतो. कसा ते ऐका.

एका नाण्याच्या तीन किमती

पहिली किंमत छापील. नाण्यावर जो आकडा छापला आहे, ती. सरकार म्हणते म्हणून ती चालते. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली सांगितले, की दहा रुपयांच्या नाण्याचे १४ नमुने निघाले आहेत आणि ते सगळे चालतात. म्हणून कोणी दुकानदार "हे चालत नाही" म्हणाला, तर घाबरू नका. पण २५ पैसे आणि त्याहून लहान नाणी मात्र ३० जून २०११ पासून चलनातून गेली. त्यांची छापील किंमत आता उरली नाही.

दुसरी किंमत धातूची. नाण्यात चांदी किती, सोने किती, त्यावरून ती ठरते. चांदीचा भाव चढला की ती चढते, उतरला की उतरते.

तिसरी किंमत शौकाची. नाणी जमवणारे लोक असतात. एखादे नाणे दुर्मिळ असेल, चांगल्या स्थितीत असेल, तर ते धातूच्या किमतीपेक्षा जास्त पैसे देतात.

या तीन किमती वेगवेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली की आपण फसतो.

चांदीचा रुपया कसा वाचावा

पूर्वी आपल्याकडे अनेक टाकसाळींचे रुपये चालत. पुण्याकडे अंकुशी, नाशकाकडे चांदवडी, मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का. कोणता रुपया कसाचा, हे पारखायला माणूस ठेवावा लागे. तो पोतदार. त्यावरूनच पोतदार हे आडनाव आले.

१८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया ठरवला. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग दुसरा धातू. राणीछाप रुपया असाच होता. पुढे एडवर्ड राजाचा आणि पंचम जॉर्ज राजाचा रुपयाही असाच राहिला. अशा एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते.

मग दुसरे महायुद्ध आले. चांदी कमी पडू लागली. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्मी केली. वजन तेच, चेहरा राजाचाच, पण चांदी फक्त ५.८ ग्रॅम. आणि १९४७ सालच्या रुपयात तर चांदी मुळीच नाही. तो निकेल धातूचा आहे. त्याच्या पाठीवर वाघ आहे.

आता समजले ना, साल का वाचायचे? साल इंग्रजी आकड्यांत असते. ते चार आकडे नीट ओळखायला शिका.

१९३९ पर्यंतचा रुपया : भरपूर चांदी.
१९४० ते १९४५ चा रुपया : निम्मी चांदी.
१९४७ चा रुपया : चांदी नाही.

आता हिशेब करू. समजा, चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये आहे. हा आकडा फक्त हिशेबासाठी धरला आहे. खरा भाव त्या दिवशी विचारावा. तर जुन्या रुपयातल्या चांदीचे १०७० रुपये होतात. १९४० नंतरच्या रुपयातल्या चांदीचे ५८० रुपये होतात.

एखाद्या म्हातारीजवळ असे दहा रुपये आहेत. सहा जुने, चार नंतरचे. सहांचे झाले ६४२०. चारांचे झाले २३२०. एकूण ८७४० रुपये. पण घेणाऱ्याने सगळे एकाच मापाने मोजले आणि "हे निम्म्या चांदीचे आहेत, आजी" असे म्हटले, तर तिच्या हाती ५८०० रुपये पडतील. म्हणजे २९४० रुपये बुडाले. चार आकडे वाचता आले नाहीत, त्याची ही किंमत!

सराफ आटणावळ म्हणून थोडे कापून घेईल. नाणे झिजलेले असेल तर वजनही थोडे कमी भरेल. ते रास्त आहे. पण साल पाहून ढीग वेगळे करावेत आणि वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे.

खरे की खोटे?

जत्रेत, बाजारात राणीछाप म्हणून नकली रुपयेही विकतात. ते जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली, तरी त्यात चांदीचा कणही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण. काही लोक लोहचुंबक लावून पाहतात. चुंबकाला चिकटला तर तो चांदीचा नाही, हे खरे. पण चिकटला नाही म्हणून तो चांदीचाच, असे समजू नका. जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. वजन करा, अक्षरे स्वच्छ उठली आहेत का ते पाहा आणि ओळखीच्या सराफाकडून कस लावून घ्या. आपले वाडवडील रुपया दगडावर वाजवून घेत. खणखणीत नाणे, हा शब्द तिथूनच आला.

जुने म्हणजे महाग नव्हे

पुष्कळांना वाटते, नाणे जितके जुने तितके मोलाचे. तसे नाही. जे थोडे उरले आहे आणि ज्याला मागणी आहे, ते मोलाचे. भोकाचा पैसा घ्या. १९४३ ते १९४७ या काळात तो अमाप निघाला. म्हणून त्याला फार किंमत येत नाही. उलट १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ आहे. त्याला शौकीन लोक चांगले पैसे देतात. म्हणूनच काही लबाड १९३८ च्या रुपयावरचा आठ खरवडून नऊ करतात!

१९११ सालच्या रुपयाची गोष्ट मजेची आहे. त्यावर पंचम जॉर्ज राजाच्या झग्यावर हत्ती काढला होता. पण तो हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली. सरकारने ते रुपये परत घेऊन वितळवले आणि पुढच्या साली हत्ती नीट काढला. जे थोडे रुपये लोकांच्या हाती राहिले, ते आज शौकीन शोधत असतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुने नाणे चिंच लावून, राखेने घासून लखलखीत करू नका. त्याने अक्षरे झिजतात आणि शौकाची किंमत उतरते. नाण्याला कडी डाखून माळेत ओवले, तरी तसेच होते. धातूची किंमत राहते, शौकाची जाते.

नवे नाणे विकत घेताना

आता दुसरी बाजू. पीक चांगले आले, हाती चार पैसे आले, की धनत्रयोदशीला आपण सोन्याचे नाही तर चांदीचे नाणे घेतो. लक्ष्मीची किंवा गणपतीची छाप असलेले नाणे हे चलनातले नाणे नव्हे. त्याला छापील किंमत नाही. त्याची किंमत धातूची.

समजा, सोन्याचा भाव ग्रॅमला १०००० रुपये आहे. तुम्ही एक ग्रॅमचे नाणे घेतले. घडणावळ ५०० रुपये. झाले १०५००. त्यावर शेकडा ३ प्रमाणे जी.एस.टी., म्हणजे ३१५ रुपये. एकूण १०८१५ रुपये तुम्ही मोजले. दुसऱ्याच दिवशी ते विकायला गेलात, तर फार तर १०००० मिळतील. घडणावळ आणि कर परत येत नाही. भाव १०८१५ वर जाईल, तेव्हा कुठे तुमचे पैसे सुटतील. म्हणून आज घेऊन उद्या मोडायचे असेल, तर नाणे घेऊ नये. पाकीट लहान, तर घडणावळ वजनाच्या मानाने जास्त पडते. एक-एक ग्रॅमची दहा नाणी घेण्यापेक्षा दहा ग्रॅमचे एक नाणे स्वस्त पडते. पण गरजेला थोडेच मोडायचे असेल, तर लहान नाणी सोयीची. आपली गरज पाहून ठरवावे.

सोन्याच्या नाण्यावर शुद्धतेचा आकडा पाहा. ९९९ म्हणजे हजार भागांत ९९९ भाग सोने. ते २४ कॅरट. दागिन्यावर ९१६ असते, ते २२ कॅरट. हॉलमार्कची खूण मागून घ्या. २०१५ साली केंद्र सरकारने अशोकचक्राचे सोन्याचे नाणे काढले, ते २४ कॅरटचे. काही बँकांतही सोन्याचे नाणे मिळते. पण बँक ते नाणे परत विकत घेत नाही, हे आधी माहीत असावे. नाण्याचे पाकीट फोडू नका. पक्की पावती घ्या आणि जपून ठेवा. पावतीवर वजन, शुद्धता, भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेली असावी. ती वाचून मगच पैसे द्या. आता तुम्हाला वाचता येते ना?

फसवणूक ओळखा

हल्ली मोबाइलवर निरोप येतो, "तुमच्याजवळ जुने पाच रुपयांचे नाणे आहे का? आम्ही पाच लाख देतो." आपण हुरळून जातो. मग तो म्हणतो, "आधी नोंदणीचे हजार रुपये भरा." मग कर भरा, मग कमिशन भरा. पैसे जातात आणि नाणे घ्यायला कोणी येत नाही. कधी कधी ते रिझर्व्ह बँकेचे नाव घेतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर सांगितले आहे, की जुन्या नाण्यानोटांच्या अशा व्यवहारात ती पडत नाही आणि कोणाकडून पैसे घेत नाही. ज्याला नाणे विकत घ्यायचे आहे, तो आपल्याला पैसे देईल. आपल्याकडे कशाला मागेल? एवढा एक प्रश्न स्वतःला विचारावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि पोलिसांत तक्रार द्यावी. उशीर करू नये, लाजू नये.

दुसरा एक भामटा सांगतो, "खोदताना सोन्याच्या मोहरा सापडल्या, गुपचूप स्वस्तात देतो." पारखायला एक खरी देतो. बाकी पितळेच्या निघतात. तिसरा म्हणतो, "हे तांब्याचे नाणे तांदूळ ओढून घेते, याचे कोटी रुपये येतात." तांब्याला तांदूळ ओढता येत नाहीत. तो सगळा हातचलाखीचा खेळ.

शेतात नाणी सापडली तर

नांगरताना, विहीर खणताना कधी नाण्यांचा हंडा सापडतो. तो लपवावा, वितळवावा असे वाटते. पण १८७८ चा कायदा आहे. जमिनीत सापडलेले धन दहा रुपयांहून जास्त मोलाचे असेल, तर कलेक्टरला कळवावे लागते. कळवले, तर चौकशी होते आणि कायद्याप्रमाणे सापडणाऱ्याला वाटा किंवा मोबदला मिळू शकतो. लपवले, तर वाटाही जातो आणि शिक्षाही होते. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला सांगितले, तरी ते पुढे कळवतील.

यात मोबदल्याहून मोठी गोष्ट आहे. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी गावी १९०६ साली नहपान राजाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी राजाने आपली छाप मारलेली होती. सातवाहनांनी नहपानाला हरवून मुलूख परत घेतला, याचा तो धडधडीत पुरावा. ती नाणी कोणी मुशीत घातली असती, तर चार पाटल्या झाल्या असत्या आणि आपल्या पूर्वजांचा इतिहास धुरात गेला असता. अशा नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था नाशिकजवळ अंजनेरीला आहे. तिथे नाण्यांचे संग्रहालयही आहे. त्र्यंबकेश्वरला जाल, तेव्हा वाटेत उतरून पाहा.

मंडळी, थोडक्यात सांगतो. नाण्यावरचे साल वाचा. वजन समोर करून घ्या. किंमत कोणती ते विचारा : छापील, धातूची की शौकाची? पावतीशिवाय घेऊ नका. आगाऊ पैसे मागणाऱ्याला नाणे दाखवूही नका.

पूर्वी नाणे पारखायला पोतदार लागत असे. आता तुम्हाला अक्षर आले आहे. आपल्या घरचे पोतदार आपणच व्हा. आज घरी गेल्यावर देव्हाऱ्यातला रुपया हातात घ्या, दिव्याजवळ धरा आणि त्यावरचे साल पाटीवर उतरवा. उद्याच्या वर्गात ते सगळ्यांना वाचून दाखवा.