निवारा : उपकार की हक्क?



१९७२ च्या दुष्काळात नांदेड-लातूरच्या माळांवर ज्यांनी खडी फोडली, त्यांतले जे हयात आहेत ते आज सत्तरीच्या पुढे गेले आहेत. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला.) त्यांच्याच घामातून रोजगार हमीचा कायदा जन्मला. विधिमंडळाने तो १९७७ साली केला, १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. ही शासनाची मेहेरबानी नव्हती, शासनावरचे बंधन होते.

त्याच माणसांच्या वार्धक्यासाठी २००७ साली केंद्राने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. त्यातील कलम १९ ची भाषा पाहावी. दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा, जिल्ह्यागणिक किमान एक वृद्धाश्रम राज्य शासन स्थापन करू ‘शकेल’. शकेल! म्हणजे न केल्यास जाब विचारायची सोय नाही. मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याची तरतूद मात्र ठसठशीत आहे. पण ज्याचा मुलगाच पुण्यात बिगारी म्हणून राबतो, त्याने न्यायाधिकरणापुढे कोणाला उभे करायचे? आणि ज्याला मूलच नाही, त्याने? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले. त्या वेळी ‘शकेल’ आड आले नव्हते.

छप्पर मिळाल्यानेही प्रश्न संपत नाही. वृद्धाश्रमाचा उंबरठा ओलांडताना कोणी नागरिकत्व बाहेर ठेवून येत नसतो. त्याचे पासबुक व्यवस्थापकाच्या कपाटात कुलूपबंद असता कामा नये. त्याचे नाव मतदारयादीत असले पाहिजे. उपचार कोणते करावयाचे हे आधी त्याला विचारले पाहिजे. तक्रार केली म्हणून त्याचे गाठोडे दाराबाहेर पडता कामा नये. देणगीदाराच्या वाढदिवशी वृद्धांना रांगेत बसवून फळे वाटायची आणि छायाचित्रे काढायची, हा प्रकार तर विशेष क्लेशदायक. नांदेडच्या गुरुद्वारातील लंगरमध्ये पंगतीला बसणाऱ्याकडून कोणी कृतज्ञतेची पावती मागत नाही.

कलम १९ च्याच दुसऱ्या पोटकलमाने व्यवस्थापनाची व सेवांच्या दर्जाची योजना ठरविण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. निवासींनी निवडलेली समिती, तिच्यासमोर दरमहा हिशेब आणि उपविभागीय अधिकाऱ्याकडे थेट तक्रारीचा मार्ग, एवढे तरी तीत आले पाहिजे. दोन्ही जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी आधी वृद्धाश्रमांत जाऊन निवासींचे म्हणणे लिहून घ्यावे, आणि मग त्यांच्याच सह्या-अंगठ्यांचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावे.