चाक, थापटणे आणि चहाची किटली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी चाकावर बसते, व्यासपीठावर नाही." त्या म्हणाल्या, "मग चाकावरचेच सांगा." म्हणून ही किटली बरोबर आणली आहे. हातोहात फिरवा, पण झाकणावर बोट ठेवा. वर्षभरात माझी तीन झाकणे फुटली, ती सारी माझ्याच हातून.

माझी पहिली किटली तुमच्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ती मोठ्या दिमाखात आणली. वरून चहा ओतला आणि किटली अर्धी भरते न भरते तोच तोटीतून चहा आपोआप बाहेर! टेबलावरचा भरतकामाचा रुमाल भिजला. कोणी काही बोलले नाही, पण वाणाच्या सुगडांकडे पाहत दोघी-तिघी हसल्या, ते मी पाहिले. ते हसू मला फार उपयोगी पडले.

माझे माहेर भीमेकाठच्या कुंभाराचे. वडिलांचे चाक मोठे, जड, खुंट्यावर बसवलेले. काठी घालून ते गरगर फिरवीत आणि मग त्या वेगावर दोन-तीन मडकी होत. त्या चाकाला आम्हा बायकांनी हात लावायचा नाही, अशी रीत. रीत आमच्याच घरची होती असे नाही. देशात पुष्कळ ठिकाणी कुंभारांच्या बायका चाकाला शिवत नसत. मी सात-आठ वर्षांची असताना वडील जेवायला गेलेले पाहून एकदा चाकावर तळवा टेकला. वडिलांनी पाहिले. रागावले नाहीत. मला उचलले आणि आईजवळ नेऊन बसवले. "तुझी जागा इथे," म्हणाले.

ती जागा काय होती ते सांगते. माती आणून फोडायची, चाळायची, खडे वेचायचे. आपली काळी माती तर लहरी. पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात नदीचा गाळ, राख, लीद किती घालायची हे आईच्या बोटांना ठाऊक. मग तुडवण. वडिलांनी चाकावरून उतरवलेल्या मडक्याला आतून गोटा लावून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकून पोट गोल करायचे, सावलीत वाळवायचे, आवा रचायला हात द्यायचा आणि शेवटी पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. एवढे सगळे करून आई गिऱ्हाइकाला सांगे, "आमच्या ह्यांनी केलेला माठ आहे."

मी पुढे शिकले, शिक्षिका झाले, यवतला सासरी आले. मातीचा संबंध उरला तो शाळेतल्या मुलांकडून बैल करून घेण्यापुरता. नोकरी संपली तेव्हा पुण्याला जाऊन सहा महिने चाक शिकले आणि विजेचे एक लहान चाक घरी आणले. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ साली कुंभारांसाठी योजना काढून अशी विजेवरची चाके देण्यास सुरुवात केली. माझे मात्र माझ्याच पैशांचे आहे. चाकावर प्रथम बसले त्या दिवशी हात थरथरत होते. माती मधोमध बसेना. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मातीला का घाबरता?" त्यांना काय सांगणार, की मातीला नाही घाबरत!

आता तुम्ही विचाराल, माठ सोडून किटलीच का? आपल्या घरी चहा पातेल्यात उकळतो. दूध, साखर, आले, दारची गवती चहाची पात, वर झाकण, मग गाळणी. किटली आहे ती सोलापूर रस्त्यावरच्या टपरीवाल्याची. खरे आहे. पण किटली हे भांडे कुंभाराची परीक्षा पाहते, एवढ्यासाठी मी तिच्या नादी लागले. माठ एकच जिन्नस. किटली म्हणजे पोट, तोटी, झाकण आणि कान. चौघे वेगवेगळे घडतात आणि मग त्यांना एका घरात नांदवायचे असते. एकत्र कुटुंबातल्या सुनांना अधिक सांगायला नको.

आणखी एक गंमत पाहा. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होते. तो त्याचा गुण. तोच गुण किटलीत आला तर चहा पाझरून टेबलावर येतो. आपल्या आव्यातले भांडे किटलीला चालत नाही, ते यामुळे. मी स्टोनवेअरची माती वापरते. ती बाराशे अंशांच्या वर भाजली की दगडासारखी घट्ट होते. वर काचेसारखी झिलई. झिलईत शिसे नाही ना, हे विचारून घ्यावे. आंबट पदार्थात ते उतरते. आपल्या महाराष्ट्रात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभारून खेड्यातल्या कुंभारांना अशी नवी विद्या शिकवली, हे मला फार उशिरा कळले. माझ्या वडिलांना कळले असते तर!

तर पोटासाठी किलोभर माती घेते. चाकावर पोट उठते दहा मिनिटांत. त्याच मातीचे, त्याच दिवशी झाकण करावे लागते. माती वाळताना आणि भाजताना आटते. शंभराचे नव्वदही उरत नाही. झाकण दुसऱ्या दिवशीच्या मातीचे केले की सासूच्या बांगड्या सुनेला, तसे होते. झाकणाला आत खोल काठ हवा, नाही तर किटली कलती केली की झाकण कपात. वर बारीक भोक हवे. हवा आत गेली नाही तर चहा अडखळतो.

तोटी उलट्या नरसाळ्यासारखी चाकावरच उठवते. तिच्या मातीला पीळ पडतो आणि तो पीळ माती विसरत नाही. तोंड सरळ कापले तर भट्टीतून निघते ते वाकडे! म्हणून आधीच किंचित तिरपे कापायचे. आणि तोटीचे टोक पोटाच्या काठाइतके तरी उंच पाहिजे. संक्रांतीला माझे नेमके हेच चुकले होते. तोटीच्या मुळाशी पोटाला बारीक भोके पाडते, चाळणीसारखी. पहिल्या खेपेला ती मोजून पाच पाडली होती. चहाची पाने त्यांत बसली आणि माझ्या झारीत शुक्राचार्य! आता वीस-पंचवीस पाडते.

कान तर चाकावर होतच नाही. ओल्या हाताने मातीची वळी ओढत न्यायची, हातशेवया ओढतो तशी. मग सांधण. दोन्हीकडे ओरखडे काढायचे, पातळ चिखल लावायचा, दाबायचे. पोट ओले आणि तोटी सुकलेली, असे असेल तर सांधा सुटलाच. दोघांचा ओलावा एक पाहिजे. तो डोळ्याला दिसत नाही. पापड उन्हात किती वेळ ठेवायचा हे ज्या बोटाला कळते, त्याच बोटाला तो कळतो. नंतर ओल्या फडक्याखाली चार-पाच दिवस हळूहळू वाळवण.

हिशेब केला तेव्हा मीच चकित झाले. एका किटलीला चाकाची वेळ सगळी मिळून अर्धा तास. बाकी आठवडाभराचे काम ते आईचे: मळणे, सांधणे, सारखे करणे, वाळवणे. माझ्या सहा किटल्या बिघडल्या, त्यांतली एकही चाकावर बिघडली नव्हती.

पुढे वाचनात आले, की चीनमध्ये यीशिंग या गावी पाचएकशे वर्षे चहाच्या किटल्या होतात आणि चहाचे दर्दी त्यांना जगात पहिला मान देतात. तिथले जुने कारागीर किटली चाकावर करीतच नाहीत. मातीचा पत्रा लाकडी थापीने ठोकून पोट गोल करतात. थापीने! आणि आपल्या मणिपुरात आंद्रो गावी बायकाच मडकी घडवतात, तीही चाकावाचून. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. आईचे थापटणे माहेरी अजून खुंटीला आहे. गोरोबाकाकांनी ज्या थापटण्याने संतांची डोकी तपासली, त्याच जातीचे.

सातवी किटली घेऊन मी माहेरी गेले. आईने ती कानाशी धरून बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि नाद ऐकला. पाणी भरले, ओतले, शेवटचा थेंब तोटीवरून ओघळतो का ते वाकून पाहिले. "गळत नाही," म्हणाली. "तोटी मात्र शेजारणीकडे बघते आहे." तुम्हीही पाहा, थोडी बघतेच आहे.

गेल्या ज्येष्ठात तुकोबारायांची पालखी यवतला मुक्कामी आली, तेव्हा आई माझ्याकडे होती. वारकऱ्यांच्या पिठल्याभाकरीला घरोघर चुली पेटल्या होत्या. तिनेही बसल्या जागी भाकऱ्या थापल्या. पालखी वरवंडकडे निघाली, घर निवांत झाले, तेव्हा ती हळूच पडवीत गेली. माझे चाक तिथेच असते. "बंद आहे ना?" तिने विचारले. मी हो म्हटले. तिने पदराने हात पुसला आणि तळवा चाकावर टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "लाव."

मी अगदी हळू लावले. मातीचा गोळा नव्हता, काही नाही. नुसतेच चाक तिच्या हाताखालून फिरत होते. ती म्हणाली, "हलके आहे गं. ह्यांचे फार जड होते." आणि हात धुवायला गेली.

पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी ज्यांना शिकायचे असेल त्यांनी माझ्या पडवीत यावे. जुने लुगडे नेसून यावे आणि बांगड्या घरी ठेवाव्यात. चिटणीसबाई खूण करीत आहेत, चहा झालेला दिसतो. ही किटली पाच कपांची आहे. बाकीच्यांना पातेल्यातला मिळेल.