पुढचं गणित कोणतं द्यायचं?

२००४ साली बॉस्टनमध्ये नोकरी करणारे सलमान खान दूर न्यू ऑर्लिन्समधल्या नात्यातल्या एका मुलीला फोन आणि इंटरनेटवरून गणित शिकवू लागले. त्यातूनच पुढे ‘खान अकॅडमी’ ही मोफत शिक्षण देणारी संस्था उभी राहिली.

अशा ऑनलाइन शिकवणीसाठी प्रत्येक मुलाच्या गतीनं चालणारी व्यवस्था आखताना आधी ठरवायचं, की कोणता धडा कोणत्या धड्यावर आधारलेला आहे. मूल शेकडेवारीत अडलं, तर कच्चेपणा अपूर्णांकांत आहे की दशांशांत, हे त्याच्या उत्तरांवरून ओळखायचं आणि तिथलाच सराव द्यायचा. म्हणून प्रश्नपेढीतले चुकीचे पर्यायही विचारपूर्वक निवडावे लागतात. मुलाचं नेमकं कुठं चुकतंय, ते त्यांतूनच कळतं. धडे डाउनलोड करता आले, तर नेटवर्क नसलेल्या गावातही अभ्यास थांबत नाही.