व्यायाम कमी करणाऱ्यांची रुखरुख

(आपल्या समाजमंडळाच्या नांदेड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यातील भाषणांचे विषय बहुधा ठरलेले असतात. शिष्यवृत्ती, वधूवर-परिचय, लग्नातील उधळपट्टी, वसतिगृहाचा निधी. या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते आपण सकाळपासून ऐकलेच आहेत. कार्यवाहांनी आम्हांस 'आरोग्य' असा मोघम विषय दिला. त्यातला एक लहानसा कोपरा आम्ही निवडला आहे. ज्यांनी आयुष्यभर नेमाने व्यायाम केला, त्यांना उतारवयात तो कमी करावा लागला म्हणजे मनास जी रुखरुख लागते, तिचे काय करावे, एवढाच आमचा प्रश्न आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु या रुखरुखीपायी चांगल्या चालत्या घरातील स्वास्थ्य गेलेले आम्ही पाहिले आहे, म्हणून तो मांडण्याचे धाडस करितो. आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करलेली माणसे. वैद्यकीचा अधिकार आम्हांस नाही. जे वाचले, जे जाणत्यांकडून समजून घेतले, तेवढेच येथे सांगू.

प्रथम ही रुखरुख आली कोठून, ते पाहिले पाहिजे. आपल्या मराठवाड्यात व्यायाम ही कधीच केवळ प्रकृतीची बाब नव्हती. निजामी अमलात खाजगी शाळा काढावयाची किंवा आखाडा चालवावयाचा तर सरकारी परवानगीचे झेंगट मागे लागे. १९३८-३९ च्या आर्य सत्याग्रहात ज्या तक्रारी पुढे आल्या, त्यांत आखाड्यांवरील निर्बंधांचीही तक्रार होती. अशा काळात पहाटे उठून शंभर जोर काढणारा तरुण नुसते दंड कमावीत नव्हता. आपण कोणाचे मिंधे नाही, हे तो आपल्यापुरते सिद्ध करीत होता. आमच्या वडिलांची पिढी त्या तालमींतून वाढली. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य गेले, पण तालमीतील शिस्त घरोघर राहिली.

पुढे आमच्या पिढीस आणखी एक वेड लागले. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७२ साली रुस्तुम-ए-हिंद. त्या वेळी आम्ही शाळकरी होतो. गावोगावच्या हौदांत तांबड्या मातीत ताक, लिंबू, हळद पडू लागली; सिद्धेश्वराच्या यात्रेचा फड असो की माळेगावच्या खंडोबाचा, बापाच्या खांद्यावर बसून कुस्ती पाहिली नाही असा मुलगा विरळा. व्यायामास व्रताचे स्वरूप आले ते असे. आणि एकदा व्रत म्हटले की खंड पडला म्हणजे पाप, हे ओघानेच आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या पूर्वजांनी व्रते सांगितली, त्यांबरोबर त्यांची उद्यापनेही सांगितली. सोळा सोमवार झाले की सतराव्यास उद्यापन. एकादशी मोडू नये म्हणतात. परंतु वृद्ध, रोगी, बाळंतीण यांच्यासाठी फलाहाराची आणि सवलतीची वाट तेथे ठेवलेलीच आहे. धर्मशास्त्राने जी मुभा दिली, ती आपण आपल्या व्यायामास मात्र देत नाही. सुरुवातीचा नारळ आपण फोडला. पण हा नेम कोणत्या वयात कोणत्या रूपाने आवरता घ्यावयाचा, याचा विचार कोणी केला नाही.

लातूरचे आमचे एक स्नेही आहेत. नाव सांगत नाही. चाळीस वर्षे पहाटे साडेचारला उठून त्यांनी एकशे आठ नमस्कार घातले. गुडघे बोलू लागले, रक्तदाब वाढला, तेव्हा डॉक्टरांनी बारा नमस्कारांवर थांबून बाकीचा वेळ सपाटीवर चालण्यास सांगितले. त्यांनी मान डोलाविली आणि आठवडाभराने गच्चीवर अंधारात, घरच्यांना कळू न देता, पुन्हा एकशे आठ सुरू केले. ज्या दिवशी शरीराने साथ दिली नाही, त्या दिवशी शिक्षा म्हणून सकाळची न्याहारी सोडावयाची, असा दंडकही स्वतःस घालून घेतला. त्यांच्या पत्नी एके दिवशी आम्हांस म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच ह्यांना सांगा. कमी नमस्कार घातले तर ह्यांना भाकरी गोड लागत नाही, आणि पुरे घातले तर दिवसभर जिना उतरवत नाही." रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने उपाशी पोटी दिवस काढावा, हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

त्यांच्याशी आम्ही जो वाद घातला, तो थोडक्यात येथे देतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांना तो उपयोगी पडेल.

त्यांचा पहिला मुद्दा असा की, कमी व्यायाम हे हल्लीच्या डॉक्टरांचे लाड आहेत, जुन्यांनी असे कधी सांगितले नाही. ही समजूत चुकीची आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायामाची स्तुती केली, आणि लगेच त्याची मर्यादाही घातली. बलवान मनुष्याने, स्निग्ध आहार घेणाऱ्याने, थंडीत आणि वसंतात करावयाचा, तोही आपल्या निम्म्या शक्तीने. इतर ऋतूंत त्याहूनही कमी. वातपित्ताचे रोगी, लहान मुले, वृद्ध आणि अजीर्ण झालेले यांनी तर तो टाळावा, असे त्याचे स्पष्ट मत आहे. निम्मी शक्ती संपली हे ओळखावे कसे, याची खूण सुश्रुताने दिली आहे: धाप लागून श्वास तोंडावाटे येऊ लागला की तेथे थांबावे. चरकाने अतिव्यायामाचे परिणाम म्हणून तहान, क्षय, दमा, खोकला, ज्वर, ओकारी अशी यादीच दिली आहे. आता नांदेडचा मे महिना आठवा. पारा चाळिशी ओलांडून जातो, पहाटेसही गोदावरीच्या घाटाचे दगड पुरते निवत नाहीत. त्या दिवसांत पौष-माघातलाच आकडा गाठावयाचा हट्ट वाग्भटासही मान्य झाला नसता.

त्यांचा दुसरा मुद्दा आकड्याचा. एकशे आठ म्हणजे एकशे आठ! आम्ही विचारले, हा आकडा कोठला? जपमाळेचा. त्यास जे पावित्र्य आहे ते जपाचे आहे. गुडघ्याच्या वाटीस त्याची ओळख नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, आपल्या संस्थानातील शाळांत ते सुरू केले, हा त्यांचा मोठाच उपकार. पण त्यांच्या नावावर आपण आपली जिद्द खपवू नये. आणि आकड्यांची भूल काही आपल्यालाच पडली आहे असे नाही. आजची तरुण मुले मनगटावर यंत्र बांधून रोज दहा हजार पावले मोजतात, आणि नऊ हजारांवर रात्र झाली तर घरातल्या घरात येरझारा घालतात. हे दहा हजार आले कोठून? टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले, त्याचे नावच 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. तो आकडा प्रयोगशाळेतून आला नाही, दुकानातून आला.

प्रत्यक्ष मोजणी झाली ती फार पुढे. २०१९ साली अमेरिकेत १६,७४१ वयस्क स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे ७,५०० च्या आसपास हा लाभ वाढावयाचा थांबला. केवळ चालण्यानेच आयुष्य वाढले असे यावरून सिद्ध होत नाही, हे खरे. जी धडधाकट ती अधिक चालत असेल. तथापि दहा हजारांच्या खाली सर्व फुकट, ही समजूत त्यावरून टिकत नाही एवढे निश्चित. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत, पासष्टीपुढील माणसांनी त्यांत तोल सांभाळण्याचे व स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम घालावे असे म्हटले आहे. आणि ज्यांना एवढे जमत नाही त्यांनाही, काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे, असे सांगितले आहे. दिवसाकाठी वीस-पंचवीस मिनिटे बेताचे चालणे झाले तरी आठवड्याचा खालचा आकडा भरतो.

तिसरा मुद्दा खरा मर्माचा होता. ते म्हणाले, "आज कमी केले तर चाळीस वर्षांची कमाई मातीत जाईल." ही भीती पुष्कळांच्या मनात असते. अमेरिकेतील अलाबामा येथील विद्यापीठात झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. तरुणांना आणि साठ ते पंचाहत्तर वयाच्या माणसांना सोळा आठवडे आठवड्यातून तीनदा वजनाचे व्यायाम देऊन, नंतर काहींचा व्यायाम एक तृतीयांशावर, काहींचा एक नवमांशावर आणला. बत्तीस आठवड्यांनंतर पाहिले तर मिळविलेली ताकद बहुतांशी टिकून होती. वयस्कांच्या स्नायूंचा आकार मात्र थोडा उतरला. तरुणांइतक्या थोड्यात त्यांचे भागले नाही. म्हणजे मिळकत लगोलग बुडत नाही, पण अगदीच हात आखडला तर चालत नाही.

कमी करण्याचीही रीत आहे. सवय लागलेली गोष्ट सोडताना ती एकदम न सोडता पाव-पाव हिश्शाने सोडावी, असा चरकाचा क्रम आहे. तो त्याने अहितकर सवयींसाठी सांगितला, पण आम्हांस तो येथेही लागू वाटतो. एकशे आठांवरून बारावर उडी मारणाऱ्यास रुखरुख लागणारच; ऐंशी, पन्नास, पंचवीस असे महिन्यामहिन्याने उतरले तर मनही बरोबर उतरते. अर्थात डॉक्टरांनी आजच थांबा म्हटले असेल तर आजच थांबावे. तेथे चरकाचा दाखला देऊ नये. दुसरे, तालमीतून उठलेल्यांनी खुराकाकडे पाहावे. जोर-बैठका गेल्या, पण बदाम, तूप आणि तांब्याभर दूध राहिले, ही आपल्या भागातील जुन्या पैलवानांची नेहमीची कथा. व्यायाम निम्मा झाला तर ताटही त्या मानाने उतरले पाहिजे. याचा अर्थ न्याहारी टाकून स्वतःस शिक्षा करावी असा नव्हे.

आणि श्रमाचा हिशेब नुसत्या पहाटेच्या अर्ध्या तासाने करू नये. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरास पाण्याचा ठणठणाट झाला, एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी आणावी लागली. त्या महिन्यांत टँकरपाशी रांग लावून घागरी वाहणाऱ्या माणसांपैकी कितीजणांनी नमस्कार घातले असतील? पण त्यांच्या अंगास व्यायाम नव्हता असे कोण म्हणेल? आमच्या भगिनींचा तर हा जन्माचा अनुभव आहे. दळण, पाणी, आजाऱ्याची उसाभर यांत त्यांचा दिवस जातो, आणि त्यांतून कोणी योगाच्या वर्गास जाऊ लागली व सून बाळंत झाली म्हणून दोन महिने खंड पडला, तर तिलाही आता मन खाऊ लागले आहे. पुरुषांची ही खोड त्यांनी उचलू नये.

हे भाषण सर्वांसाठी नाही, तेही सांगून टाकतो. ज्यांनी कधी व्यायाम केलाच नाही आणि जे आजच्या भाषणाने आनंदित होऊन मागच्या रांगेत हसत आहेत, त्यांना आमचा काही दिलासा नाही. त्यांनी उद्यापासून चालावयास लागावे. तसेच जिना चढताना छातीत दाटणे, थोड्या चालण्याने दम लागणे, पायावर सूज येणे, यामुळे ज्यांचा व्यायाम आपोआप कमी झाला असेल, त्यांनी मनाची समजूत घालीत न बसता आधी डॉक्टर गाठावा. कमी करणे आणि कमी होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आमच्या स्नेह्यांचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. पूर्ण यश आले असे म्हणवत नाही. ते हल्ली चोवीस नमस्कार घालतात, सकाळी मैदानास चार फेऱ्या मारतात आणि न्याहारी करतात. गल्लीतील मुलांना जोर काढावयास शिकवितात. बिराजदारांनीही कुस्ती सोडल्यावर पुण्यास गोकुळ तालमीत वस्ताद होऊन मुले घडविली, हा दाखला त्यांना आम्ही दिला होता, तो लागू पडला असावा. तरी चोवीस झाल्यावर ते घड्याळाकडे पाहतात, असे वहिनी सांगतात. पाहू द्या.

आता शेवटी मंडळाकडे एक मागणी आहे. रथसप्तमीस आपण सामुदायिक सूर्यनमस्कार ठेवतो आणि सर्वाधिक नमस्कार घालणाऱ्यास ढाल देतो. गेल्या वर्षी स्पर्धेत उतरलेल्या तिघांचे वय पासष्टीच्या पुढे होते आणि त्यांपैकी एकास मांडवातच आडवे करून पाणी पाजावे लागले. साठीच्या पुढील सभासदांसाठी ही मोजणी बंद करावी, त्यांनी हवे तितके घालून हवे तेव्हा थांबावे, आणि त्यांची नावे आकड्याशिवाय वाचून दाखवावी, अशी सूचना आम्ही लेखी कार्यवाहांकडे दिली आहे. पाच सभासदांच्या सह्या तिच्यावर आहेत, आणखी कोणास करावयाच्या असल्यास कागद बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. कार्यकारिणीने तिचा निर्णय रथसप्तमीपूर्वी द्यावा.