मालवण किनाऱ्यावरील शैवाकाची पारख

ज्या घरी मालवणी मसाला कुटला जातो तेथे दगडफूल अपरिचित नाही. नाव दगडफूल, परंतु बाजारात येते ते बहुधा डोंगरी झाडांच्या सालीवरून खरवडलेले, आणि फूल तर ते मुळीच नव्हे. शास्त्रात त्यास शैवाक म्हणतात. बुरशी आणि शैवल यांचा हा एकत्र संसार होय. घर बुरशीने बांधावे, अन्न शैवलाने सूर्यप्रकाशात सिद्ध करावे! स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६७ च्या सुमारास हे द्वैत मांडले, तेव्हा कित्येक पंडितांनी त्यांची थट्टाच केली.

मालवणसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या प्रदेशात मुद्दाम शोधावा असा एक शैवाक म्हणजे रोसेला माँटाग्नेई. भारताच्या सागरतटावरील झाडांच्या सालीवर तो वाढतो. घाट चढून गेल्यावर मात्र त्याची आशा सोडावी. करड्या, चपट्या फितींचे झुबके सालीवरून लोंबतात. पण येथेच नवखा फसतो, कारण रामालिना नावाचा दुसरा शैवाक जवळजवळ तशाच फिती धारण करतो. अशा वेळी नखाने किंचित खरवडून पाहावे. रामालिनाच्या आत गवतासारखा हिरवा थर दिसतो, तर रोसेलाच्या आत पिवळसर-नारिंगी झाक येते. त्याच्या शैवलाचे कूळ हिरव्या शैवलांचे असले तरी रंग नारिंगी! नंतर ब्लीचिंग पावडरच्या ताज्या द्रावणाचा थेंब वरच्या सालीवर सोडावा. रोसेलावर लाल रंग चढतो. ही थेंबाची रीत फिनलंडच्या निलँडर यांनी १८६६ मध्ये रूढ केली. शाळेतील लिटमसचा रंगही मुळात रोसेलाच्याच कुळातून काढीत. मात्र कुळातील नेमकी जात ठरविण्यास सूक्ष्मदर्शकच हवा.

शैवाकाची वाढ वर्षाकाठी काही मिलिमीटरच. जुने झाड रस्त्यासाठी पडले की त्यावरील अनेक वर्षांची वस्ती एका दुपारी संपते, आणि तिची नोंद नसल्यास ती होती हेही कोणास कळत नाही. मालवणात १८८४ मध्ये जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये पुण्यास ज्या संशोधनसंस्थेचा पाया घातला, तिला आज त्यांचेच नाव आहे. तेथे शैवाकांचा मोठा संग्रह जतन केलेला आहे. मालवणच्या किनाऱ्याची नोंद मालवणकराच्या संस्थेत व्हावी, यात औचित्यही आहे.

नमुना घेताना झुबका समूळ उपटू नये. बोटभर तुकडा सालीसह पुरे. झाडाचे नाव, जमिनीपासून उंची, समुद्राकडील बाजू की आतली, आणि तारीख त्याच वेळी लिहावी. तुकडा सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवेने त्यास दुसरीच बुरशी लागते.