फिर्याद पोलिसांविरुद्ध, तपास कोणाकडे?



११ जुलै १९९७ हा दिवस आपण विसरू शकत नाही. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जणांचे प्राण गेले. जमाव गॅसचा टँकर पेटविणार होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. तेवढेच कागदावर राहिले असते, तर आपली माणसे मेल्यावरही दंगलखोर ठरली असती. न्यायमूर्ती गुंडेवार आयोग पोलीस खात्याबाहेरचा होता. त्याने साक्षी घेतल्या आणि गोळीबार असमर्थनीय ठरविला. तरीही हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकास सत्र न्यायालयाने दोषी ठरवेपर्यंत २००९ साल उजाडले.

यातून आम्ही एकच बोध घेतो. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच सहकाऱ्याकडे तपास, ही न्यायाची रीत नव्हे. आणि प्रत्येक वेळी १० जीव गेल्यावरच आयोग नेमला जावा, हेही योग्य नव्हे. कोठडीत मार खाल्लेल्या एकट्या मजुरासाठी आयोग कोण नेमणार? त्याच्यासाठी कायमची यंत्रणाच हवी.

२२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले. राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण असावे, त्याचे अध्यक्षपद निवृत्त न्यायाधीशाकडे असावे आणि त्याच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असा तो आदेश होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून प्राधिकरणाची तरतूद केली. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारी तेथे करता येतात. परंतु जिल्ह्याऐवजी विभागीय पातळी आली. शिवाय कारणे लेखी नोंदवून अहवाल फेटाळण्याची मुभा शासनाने स्वतःकडे ठेवली. खेड्यातल्या विधवेने विभागाच्या गावी खेटे घालायचे आणि शेवटचा शब्द मात्र शासनाचा! ही उणीव दूर व्हावी, अशी आमची मागणी आहे.

तोवर हाती आहे ते हत्यार गंजू देऊ नका. विद्यार्थी मित्रांनो, वस्तीतील माणूस पोलीस ठाण्यातून "उद्या या" ऐकून परत येतो, तेव्हा त्याच्याजवळ बसा. तारीख, वेळ, अधिकाऱ्याचे नाव लिहून घ्या. दवाखान्याचा दाखला जपा. अर्जाची सही-शिक्क्याची पोच घ्या. ठाण्यात गुन्हा नोंदवीत नसतील, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने कळवा. तेथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांपुढे जा.

आमचा रोष खाकी वर्दीवर नाही. त्या वर्दीत आपलीही मुले आहेत. प्रामाणिक शिपायाला निःपक्ष चौकशीची भीती कशाला? तोंडी रडगाणे हवेत विरते, लेखी फिर्याद मात्र उत्तर मागते. शिकलेल्यांनी एवढे एक काम अंगावर घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

जय भीम!