जुने रूळ, जुने खांब आणि पावती



गोठा, कांदाचाळ किंवा पंपघर बांधताना जुने साहित्य वापरण्यात कमीपणा काहीच नाही. पाडलेल्या वाड्याचे सागवान, घडीव दगड, बरे राहिलेले पत्रे यांमुळे खर्च पुष्कळ वाचतो. मात्र रेल्वेचा रूळ आणि विजेचा लोखंडी खांब यांचे गणित वेगळे आहे.

भंगारवाला रुळाचे तुकडे दारात आणून टाकतो. भाव नव्या लोखंडापेक्षा कमी, आणि मजबुती तर विचारूच नका. चोरीचा माल घेतल्याच्या नेहमीच्या गुन्ह्यात (पूर्वी भारतीय दंड विधान कलम ४११, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता कलम ३१७) माल चोरीचा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते, किंवा तसे समजायला कारण होते, हे सरकार पक्षाला सिद्ध करावे लागते. रेल्वेच्या मालाबाबत उलटे आहे. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर कब्जा) कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, चोरीचा असल्याचा वाजवी संशय असलेला रेल्वेचा माल आपल्याकडे सापडला, तर तो रीतसर आला हे आपणच सिद्ध करायचे. ते जमले नाही तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. न्यायालयाला खास कारण दिसले नाही तर पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्ष कैद आणि किमान १,००० रुपये दंड आहे. 'पैसे मोजून घेतले' एवढ्या तोंडी सांगण्यावर भागत नाही.

विजेच्या खांबासाठी वीज कायदा २००३ चे कलम १३६ आहे. मालकाच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने असे साहित्य आवारात ठेवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. वादळात पडलेला खांब वर्षभर आपल्या बांधावर राहिला म्हणून तो आपला होत नाही. वीज कार्यालयाला लेखी कळवावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

रेल्वे आपले भंगार लिलावाने विकते. तेव्हा विकणाऱ्याकडे लिलावाचे व माल उचलल्याचे कागद मागावेत, त्यांची झेरॉक्स ठेवावी. पावतीवर त्याचे नाव, पत्ता, तारीख, नग, वजन आणि मालाचे स्पष्ट वर्णन हवे. नुसते 'जुने लोखंड' चालवून घेऊ नये. पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत. कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर भाव कितीही उतरला तरी माल उतरवून घेऊ नये.

लाकडी स्लीपरलाही हेच लागू आहे. शिवाय क्रिओसोट पाजलेले स्लीपर गव्हाणीला लावू नयेत, जनावरे ते चाटतात.

ज्यांच्या गोठ्यात असे रूळ आधीच उभे आहेत, त्यांनी त्यावरची उठावाची अक्षरे घासून काढण्याच्या फंदात पडू नये; संशय त्यानेच वाढतो. विकणाऱ्याकडून लेखी घ्यावे आणि तो दाद देत नसेल तर वेळेवर वकिलाला भेटावे.